सशाची कवळी

आमच्या दवाखान्यात दात शिजतात.

हे वाक्य मी ऐकलं तेव्हा नोकरीचा पहिलाच दिवस होता. मी काउंटरवर बसले होते. एका पेशंटने विचारलं, माझी कवळी कधी मिळेल? माझ्या पाठीमागच्या भिंतीत एक छोटी सरकती खिडकी आहे. ती उघडून मी आत विचारलं. आतून आवाज आला, "शिजतायत अजून. फारच घाई असेल तर कच्चे घेऊन जा म्हणावं."

मी पेशंटला तसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, दवाखान्याची भाषा असेल. तो संध्याकाळी परत येतो म्हणून गेला. आला तेव्हा बायकोला घेऊन आला, साक्षीदार म्हणून.

खिडकीपलीकडे बत्तिशी मावशी बसते. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी ऐकू येतं, तेवढंच. बाकी सगळ्यांची ती बत्तिशी. एक तर ती कवळ्या बनवते. आणि दुसरं म्हणजे ती हसली की स्वतःचे सगळे दात दाखवते, अगदी अक्कलदाढांसकट. जाहिरातच ती. पहिल्या आठवड्यात मी तिला अहो-जाहो करत होते. ती म्हणाली, "अगं, ते अहो ऐकून माझे दात सळसळतात. तू म्हण." तेव्हापासून आम्ही मैत्रिणी. मी साहित्याची पदवी घेतलीय हे कळल्यावर तिने मला कवयित्री म्हणायला सुरुवात केली. मी एकही कविता लिहिलेली नाही. तिला त्याने फरक पडत नाही.

तिची खोली लहान आहे. एका बाजूला प्लास्टरचं पोतं. मधे लांब टेबल, त्यावर मेणाच्या गुलाबी पट्ट्या, चाकू, स्पिरिटचा दिवा. कोपऱ्यात पॉलिशची मोटर. शेगडीवर एक मोठं पातेलं. मेणाच्या हिरडीत दात बसवायचे, त्याचा साचा करायचा, मेण काढून तिथे गुलाबी मसाला भरायचा, पितळी डब्यात आवळायचा आणि तो डबा गरम पाण्यात ठेवून द्यायचा. हिरडी कडक होईपर्यंत हात लावायचा नाही. हेच ते शिजणं.

तोवर मावशी विणते.

कवळीच्या डब्यांची टकटक आणि सुयांची टकटक, दोन्ही एकाच वेळी चालू असतं. सुया कधीकधी साच्यातलं मेण कोरायलाही वापरते. एकदा तिने डॉक्टरांना हिरवे मोजे विणून दिले. त्यांच्या टाचेला गुलाबी मेण निघालं.

शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात मावशीचं काम आहे. रस्त्याने जाताना ती माणसं ओळखत नाही, दात ओळखते. "तो बघ, जांभई देतोय ना, त्याची वरची माझी. खालची दुसऱ्या कुणाची तरी. बघ कशा भांडतायत दोघी." एकदा बसस्टॉपवर एका अनोळखी बाईला तिने विचारलं होतं, "डाव्या दाढेने चावता येतंय ना आता?" ती बाई पुढच्या स्टॉपपर्यंत चालत गेली.

आणि हिच्याच घरात सासूच्या तोंडाचं बोळकं.

ही गोष्ट मला दोघींकडून वेगवेगळी कळली. मावशीने डबा खाताना सांगितली. आजींनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, डॉक्टरांच्या यंत्रावर रक्तदाब तपासून घ्यायला आल्या तेव्हा काउंटरवर कोपर टेकून सांगितली. दोन्हींत भांडणाचं कारण एकच होतं.

आजींचे शेवटचे दात पडले तेव्हा मावशीने मोठ्या उत्साहाने माप घ्यायचं ठरवलं. गुलाबी लगदा कालवला, चमच्यासारख्या साच्यात भरला आणि आजींच्या तोंडात दाबून धरला. आजी काहीतरी सांगू लागल्या. मावशी म्हणाली, "आई, आता जरा वेळ गप्प बसा."

तिने ते प्रत्येक पेशंटला म्हणतात तसंच म्हटलं होतं. बोललं की माप बिघडतं.

"एवढा संसार झाला," आजी मला सांगत होत्या, तोंडावर रुमाल धरून. "हिची हिंमत झाली नव्हती मला गप्प बस म्हणायची. शेवटी म्हणाली. तेही तोंडात चिखल कोंबून! उत्तर द्यायची सोय नाही!"

"पण आजी, ती तर—"

"सुनेने दिलेले दात घालायचे म्हणजे काय, ठाऊक आहे? माझ्याच तोंडात बसून तिची बाजू घेतील."

कवळी तयार झाली. मावशीने ती निळ्या डबीत पाण्यात ठेवून आजींच्या उशाशी नेऊन ठेवली. आजींनी डबी उघडूनही पाहिली नाही. डबी कपाटात गेली. आजी दुधात बुडवलेला पाव आणि केळी यांवर दिवस काढू लागल्या. त्यांनी स्वतःच्या मापाने विणलेला राखाडी स्वेटर होता. तो हळूहळू त्यांच्या अंगावर लोंबायला लागला. स्वेटर तोच, आतली आजी कमी होत होती.

मावशी हे हसत सांगायची. पण एकदा हसली नाही.

"हिरडी थांबत नाही गं," ती म्हणाली. "कणकण झिजत असते. अजून थोडे दिवस गेले ना, की ही कवळी त्यांना बसायची नाही. मग नवं माप घ्यावं लागेल. आणि माझ्यासमोर त्या तोंड उघडायच्या नाहीत. भांडायला उघडतात, तेवढंच. त्यात माप घेता येत नाही."

तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक जुना फोटो चिमट्याने लावलेला होता. तरुण आजी, मान मागे टाकून हसताना. मला वाटायचं, काय ही माया. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं.

"माया कसली? मापासाठी लावलाय," मावशी म्हणाली.

ईस्टर जवळ आला होता. डॉक्टरीणबाई दवाखान्याची सजावट बघतात. त्यांनी ठरवलं की प्रतीक्षेच्या खोलीत ईस्टरचा एक कोपरा करायचा. लोकरीची रंगीत अंडी, पिवळी पिल्लं, खऱ्या गाजरांची टोपली. आणि माझ्या काउंटरवर विणलेला ससा, ज्याच्यापुढे फोन उभा राहील. त्यावर कार्टून लावायचं, म्हणजे घाबरलेली मुलं रडणार नाहीत.

"मावशींना तू समजावून सांग," त्या मला म्हणाल्या. "तुझी भाषा चांगली आहे."

हेच चुकलं.

मी खिडकी सरकवली. आत मोटर घरघरत होती. मावशीच्या तोंडावर मास्क, हातात कुणाचा तरी खालचा जबडा. मी ओरडून सांगितलं, "मावशी, ईस्टरसाठी ससा विणायचाय! फोनचा स्टँड! फोनला कवळून बसलेला ससा!"

"काय करून बसलेला?"

"कवळून! कवळून!"

तिने मान डोलावली. जबडा उचलून तोही वरखाली हलवला, म्हणजे कळलं.

कवळून म्हणजे मिठीत घेऊन. मला त्या वेळी तो शब्द फार गोड वाटला होता.

काम सुरू झालं. बुडाला वजन हवं म्हणून तिने प्लास्टरचा गोळा ओतला. त्यात कवळीची जाड तार उभी रोवली. पांढऱ्या लोकरीने पोट विणलं, दोन सुलट, दोन उलट, म्हणजे ते ताणून गोळ्यावर चढवता येईल. मांडीत निळं-पिवळं अंडं. अंड्याच्या खालून चार्जरच्या वायरीला भोक. कान वेगळे विणून शिवले. डोकं नारळाएवढं. मी म्हटलं, एवढं मोठं कशाला? ती म्हणाली, "लागतं."

पहिला ससा फोन ठेवताच तोंडावर आपटला. फोन माझा होता. खाली प्लास्टरचं भांडं होतं, नुकतंच कालवलेलं.

"हलवू नकोस," मावशी शांतपणे म्हणाली. "घट्ट झालं की अलगद निघेल. आपल्याला फोनचं मापही मिळेल."

फोन निघाला. मागे त्याचा सुबक साचा राहिला. मावशीने तो फळीवर जबड्यांच्या रांगेत ठेवला. आठवडाभर माझ्या फोनवर बोलणारा प्रत्येक माणूस मला विचारत होता, तुला सर्दी झालीय का?

नंतर तिने बूड जड केलं, तार मागे वाकवली, आणि सशाला हात विणले. लांब, गुबगुबीत. आत तार घातलेले. तोंडाचं काम मात्र तिने मला दाखवलं नाही. डोक्यावर रुमाल टाकून ठेवायची. "न्हाव्याकडे बसलाय," म्हणायची.

सजावटीच्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा ससा काउंटरवर होता. रुमाल टाकलेला. मावशी शेजारी उभी राहून घरी फोन करत होती.

"आई, तुम्ही येऊ नका हं आज. नाही नाही, खास असं काही नाही. विणकाम मलाच आवडलेलं नाही. उलट टाके जरा सैल पडलेत. हो. हो. आरामच करा तुम्ही."

तिने फोन ठेवला. मी म्हटलं, "अगं, असं सांगितलंस तर त्या नक्की येतील. टाके मोजायला."

"हो का?" मावशी म्हणाली.

मग तिने रुमाल काढला.

पांढराशुभ्र ससा. गुलाबी कान. मांडीत अंडं. फोनभोवती दोन्ही हात. आणि तोंडात माणसाचे दात. नुसते दोन नव्हे, वरची सबंध कवळी, हिरडीसकट. ससा हसत होता. एखाद्या लग्नाच्या फोटोत मामा हसतात तसा.

डॉक्टरीणबाई फुलदाणी घेऊन येत होत्या. त्या जागच्या जागी थांबल्या.

"हे काय आहे?"

"हिनेच सांगितलं," मावशीने माझ्याकडे बोट केलं. "कवळी लावून बसलेला ससा. मलाही नवलच वाटलं. पण म्हटलं, दवाखाना दातांचा आहे, असेल."

"कवळून!" मी म्हणाले. "कवळी लावून नाही! कवळून! म्हणजे मिठी मारून!"

"मग मिठी म्हणायचं ना, बाई. मोटर चालू असताना कविता कशाला करायची?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तुझी भाषा चांगली आहे, असं त्या पुन्हा म्हणाल्या नाहीत. तेवढ्यात पेशंट यायला लागले. पहिलाच पेशंट कोपऱ्यावरचा फळवाला होता, सुजलेल्या गालावरून डोक्यापर्यंत मफलर बांधलेला. त्याने सशाकडे पाहिलं आणि त्याला हसू आलं. हसल्यावर गाल दुखला. दुखल्यावर तो कळवळला. पुन्हा सशाकडे पाहिलं आणि पुन्हा हसला. "ताई, याला झाका हो," तो म्हणाला, "मेलो मी."

पण झाकायला वेळ मिळाला नाही. दारात राखाडी स्वेटर दिसला.

आजी आल्या त्या सरळ काउंटरकडे. चष्मा कपाळावरून खाली ओढला. तोंडावर रुमाल होताच. त्यांनी मागूनच सुरुवात केली.

"शेपूट बरी आहे. पाठीत टाका गळलाय. हा बघ. आणि हा कान लांब, हा आखूड."

"तो झुकलाय, आई."

"कान झुकलेला नाही. तू मोजायला कंटाळलीस. आणि हे उलट टाके! बोलण्यात उलट एवढं घट्ट, आणि विणण्यात एवढं सैल?"

फळवाल्याने गाल धरला.

आजींनी ससा वळवला. तोंड समोर आलं. मी डोळे मिटणार होते. पण आजी ओरडल्या नाहीत. त्या वाकल्या. आणखी वाकल्या. रुमाल खाली आला होता, ते त्यांना कळलं नाही. त्यांनी बोट पुढे केलं आणि सशाच्या पुढच्या दोन दातांवर ठेवलं. डावा दात उजव्यावर किंचित चढलेला होता. मी तोपर्यंत ते पाहिलंच नव्हतं. मला वाटलं होतं, बसवताना सरकला असेल.

"हा माझा दात आहे," आजी म्हणाल्या.

"आजी, सशाचा दात तुमचा कसा?" फळवाला मफलरमधून म्हणाला.

"तू गप्प रे! मी माझा दात ओळखणार नाही? याच्यावरून शाळेत मला चिडवायचे. आणि याच्यावरच हिचा सासरा भुलला. म्हणायचा, तू हसलीस की एक दात पुढे येऊन या, बसा म्हणतो." त्या मावशीकडे वळल्या. "हा तर कधीच पडला माझा. तुझं लग्न व्हायच्याही आधी. तू कुठे पाहिलास?"

"फोटोत," मावशी म्हणाली.

"मुद्दाम वाकडा बसवलास?"

"सरळ बसवला असता तर तुमचा कसा झाला असता?"

आजी काही बोलल्या नाहीत. हे मी पहिल्यांदाच पाहत होते. तोंडात लगदा नसताना.

मग त्यांना एकदम आठवलं. "आणि माझे दात तू सशाला दिलेस?"

"तुम्हाला नको होते ना, आई. म्हटलं, चांगले दात आहेत, कुणाच्या तरी तोंडी लागू देत."

"कोण म्हणालं नको होते?"

"तुम्हीच."

"मला कुणी सांगितलं होतं का हे असे आहेत म्हणून? काढ."

"अहो, पण आता सशाला ते इतके शोभतायत. सगळे बघायला येणार आहेत. आज दिवसभर राहू देत, उद्या—"

"सशाला काय लोकर चावायचीय? काढ म्हणते ना! माझ्या दातांनी कुणी हसायचं ते मी ठरवीन!"

मावशीने सशाच्या ओठाखाली अंगठा धरला. जरा वेळ तसाच ठेवला, ऊब लागेपर्यंत. कवळी अलगद हातात आली. मेणावर बसवलेली होती. एकही धागा तुटला नाही. कान, शेपूट, हात, सगळं तिने दुहेरी धाग्याने पक्कं शिवलं होतं. फक्त दात तेवढे मेणावर.

मग तिने ॲप्रनच्या खिशातून ब्रश काढला. दुसऱ्या खिशातून निळी डबी. डबीत खालची कवळी होती, स्वच्छ पाण्यात.

सशाला खालची कवळी लागत नव्हती. मग ती खिशात कशाला?

मी सशाकडे पाहिलं. फोन अजून उभाच होता. दात काढले तरी जरासुद्धा हलला नव्हता, दातांचा त्याला आधारच नव्हता. दोन गुबगुबीत हात त्याच्याभोवती नीट वळले होते, बोटं मागे गुंतली होती. फोनला कवळून बसलेला ससा. अगदी मी सांगितला तसा.

मावशी नळावर कवळी घासत होती. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

"तुला नीट ऐकू आलं होतं," मी हळूच म्हणाले.

"मोटरचा आवाज होता गं," ती म्हणाली आणि सगळे दात दाखवले.

आजी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मावशीने खालची दिली, वरची दिली. अंगठ्याने कुठे दाबायचं ते हवेत करून दाखवलं. आजींनी ते पाहिलं नाही असं दाखवून तसंच केलं. टक् असा आवाज आला. फोनवरचं कार्टून तेवढं एकटंच ओरडत होतं.

"हलतेय?" मावशीने विचारलं. तिचा आवाज जरा बारीक झाला होता. "बसली का? की सैल आहे? आई, बसली का?"

आजी वळल्या. आधी त्यांनी ओठ मिटलेले होते. मग ते उघडले. फोटोतली बाई मला ओळखता आली. केस पांढरे, गाल आत गेलेले, पण डावा दात पुढे येऊन या, बसा म्हणत होता.

"थोडी शैल आहे," आजी म्हणाल्या. स, श आणि शिट्टी तिन्ही एकदम निघाले. फळवाला भिंतीकडे वळून उभा राहिला.

"ते मी करते, आई. उद्याच आतून थर देते. आज फक्त सवय होऊ दे. आज नुसतं मऊ खायचं, आणि दोन्ही बाजूंनी, आणि पुढच्या दातांनी तर मुळीच—"

आजींनी टोपलीतलं गाजर उचललं होतं.

"आई, नको! कच्चं आहे ते! पुढच्या दातांनी नका चावू, वरची सुटेल! आई, ऐका, पहिल्या दिवशी कुणी गाजर—"

"आता जरा वेळ," आजी म्हणाल्या, "तू गप्प बस."

आणि त्यांनी गाजर तोंडात घातलं. पुढच्या दातांनी नाही. बाजूला, दाढेखाली सरकवून, मावशीने सांगितलं होतं तसं. कडाक् आवाज आला. मग चावण्याचा आवाज. बराच वेळ.

मावशी गप्प बसली. सगळी बत्तिशी मिटून, ओल्या हातात ब्रश धरून, ती आजींच्या जबड्याकडे बघत राहिली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.

मला ते फार वेळ बघवेना. म्हणून मी सशाच्या हातांतून फोन काढला आणि हॅलो म्हणाले. तो वाजत नव्हता.